नववा जिल्हा

मराठवाड्यात जिल्हे आठ. पण त्या दिवशी दुपारी शिवकन्येच्या लॅपटॉपमधून नऊ निघाले, आणि त्या नवव्या जिल्ह्यात पंचफुलाबाई एकटीच राहत होती. तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. ती नांदेडात, तरोड्याकडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, फरशीवर पाय पसरून चिंच फोडत बसली होती. एक कान नळाकडं. आठ दिवस झाले, नळाला नुसता वारासुद्धा आला नव्हता. नात शिवकन्या समोर भिंतीला टेकलेली, मांडीवर उशी, उशीवर ते यंत्र. तेवढ्यात फोन वाजला आणि नातीचा चेहरा असा उतरला की पंचफुलाबाईला वाटलं, कुणीतरी गेलं. "नाही सर," नात म्हणत होती. "मनानं नाही भरलं सर. बाई खरी आहे. माझी आजी आहे ती." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग, "हो सर. पाचच्या आत पाठवते." फोन ठेवून तिनं आजीकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा अनोळखी बाईकडं बघावं तसं पाहिलं. "आजी," ती म्हणाली, "तू तीनदा आलीस."

"कुठं आले? सकाळधरनं हितून उठले न्हाई म्या. चिंच काय आपोआप फुटून राहिली का?"

"तसं नाही. ह्याच्यात. ह्याच्यात तू तीनदा आलीस."

पंचफुलाबाईनं यंत्राकडं पाहिलं. काळी पाटी, तिच्यावर बारीक पांढरी अक्षरं, मधेच एखादी लाल ओळ. साक्षरतेच्या वर्गात चार महिने जाऊन ती मराठी अक्षर लावून लावून वाचायला शिकली होती, आकडे तर आधीपासूनच यायचे. पण ह्या पाटीवरचं बरंचसं इंग्रजी होतं आणि मधे मधे मराठी शब्द असे अडकलेले होते, जसे तारेच्या कुंपणात लुगड्याचे धागे. त्यात आपण तीनदा कशा अडकलो, हे तिला उमजेना. चिंचेचा आंबट वास बोटांना होता. बोटं पदराला पुसून ती म्हणाली, "नीट सांग. तुपले सर काय म्हणले?"

नातीनं सांगितलं ते तिला तुकड्यातुकड्यानं कळलं. शिवकन्या ज्या प्रकल्पात कामाला होती त्यात बहात्तरच्या दुष्काळात जाणत्या असलेल्या बाया गाठायच्या आणि त्यांना चाळीस प्रश्न विचारायचे. बाई जे बोलेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. गावोगाव अशा पोरी फिरत होत्या. आणि यंदा पुन्हा तसाच दुष्काळ पडला होता, पंचफुलाबाईला तिची लेकरं पाण्यामागं फिरवत होती. जनावरं छावणीला आणि म्हातारी माणसं जिथं दोन घागरी जास्त तिथं, अशी घरोघर रीतच पडली होती. संक्रांतीला ती सासरच्या गावी, शेलवाडीत, धाकट्या किसनकडं होती. बोअर आटला तशी किसननं तिला लातूरला लेकीच्या, विठाबाईच्या घरी सोडली. लातूरला महिना-महिना नळ येईना तशी विठानं तिला एसटीत बसवून नांदेडला थोरल्या निवृत्तीकडं धाडली. पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणे, पण तोवर ती इकडं आलेली. आणि तिन्ही ठिकाणी, टँकरपाशी, विठाच्या ओट्यावर आणि इथं, कागद घेतलेली एक पोर तिला भेटली होती. तिनं तिघींना बसायला दिलं, तिघींना उत्तरं दिली. मला आधी विचारलंय, असं ती एकीलाही बोलली नाही. का बोलावं? पासष्ट वर्षांत कुणी कधी तिच्याकडं कागद घेऊन बसलं नव्हतं. सही कर, अंगठा दे, सरक, रांगेत ऱ्हा, एवढंच कागदवाले बोलत आले. आता कुणी विचारून राहिलं होतं, आजी, तुम्हांला काय आठवतं. तीनदा काय, तीसदा सांगितलं असतं.

तिसरी पोर म्हणजे शिवकन्याच. घरच्या माणसाचा फॉर्म भरायचा नाही असा नियम होता. तिला साठ बाया गाठायच्या होत्या, एकोणसाठ झाल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं आणि साठावी बाई घरातच चिंच फोडत होती. तिनं भरला. जन्माचा जिल्हा कोणता, असं विचारल्यावर आजी ताठ मानेनं "उदगीर" म्हणाली. उदगीर आता जिल्हा व्हायला लागलंय, असं ती एसटीत ऐकून आली होती. नात हसली आणि बोलली तसं लिहून बसली. पुढं दुरुस्त करू म्हणून विसरली. शेलवाडीत आजीनं "उस्मानाबाद" सांगितलं होतं, कारण तिच्या पोरवयात तिचं माहेर, कवठाळ, त्या जिल्ह्यात होतं. विठाच्या ओट्यावर "लातूर" सांगितलं, कारण पुढं ते त्या जिल्ह्यात गेलं. कवठाळ जागचं हललं नव्हतं. नाव तेच, वय तेच, गाव तेच, पण जिल्हे तीन. म्हणून यंत्रानं तीन बाया धरल्या. आज शेषेराव सरांनी जिल्ह्यांची यादी मागितली तर आठाऐवजी नऊ निघाले, नवव्याच्या पुढं एकच बाई, आणि त्या एका बाईचा माग काढता काढता बाकीच्या दोघी सापडल्या.

"मंग त्यात काय एवढं? दोन पुसून टाक," पंचफुलाबाई म्हणाली. "यंत्र पुसत न्हाई का?"

"पुसतं. पण कुठल्या दोन पुसू?" नातीचा आवाज बारीक झाला. "सतरावा प्रश्न, आजी. बहात्तरला घरातलं कोण गेलं आणि त्याचं पुढं काय झालं. तिन्हीकडं तू सरजामावशीचं नाव सांगितलंस. शेलवाडीच्या फॉर्मवर आहे, लग्न होऊन गेली. लातूरच्या फॉर्मवर आहे, मयत. आणि मला तू सांगितलंस की हैदराबादला कामाला गेली, मोठ्या घरात, तिथंच राहिली. सर म्हणतात, ह्या बाईला तीन जिल्हे आणि बहिणीला तीन नशिबं, हे घरी बसून फॉर्म भरणाराचं काम आहे. दुसऱ्या पोरींचा फॉर्म उचलायचा आणि खुणा बदलायच्या. खरं काय ते पाचच्या आत कळवलं नाही तर माझे साठही फॉर्म रद्द. साठ बाया, आजी. कंधारच्या त्या नागम्मानं तीन तास रडून सांगितलेलं. तेही खोटं धरणार."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. पंचफुलाबाईनं एक चिंच उचलली, फोडली, चिंचोका बाजूला टाकला, आणि तो टाकलेला चिंचोका कुठल्या ढिगात पडला ते तिला दिसेना. खरं काय. पोरगी विचारून राहिली होती, खरं काय, आणि तिला वाटलं होतं की हे एक तरी आपल्याजवळ गाठ मारून ठेवलेलं असेल, पदराच्या टोकाला असेल, गाठ सोडली की निघेल. तिनं गाठ सोडून पाहिली तर आत तीन सरजा होत्या. एक बिदरकडं दिलेली, हातात हिरवा चुडा भरलेली, कडेवर लेकरू. ही सासरच्या माणसांसाठी केली होती, कारण हरवलेल्या पोरीची थोरली बहीण नांदवून घ्यायला सासर तयार नसतं. एक मेलेली, पटकीनं मेलेली, निवडुंगाच्या बाजूला माती दिलेली. ही विठासाठी, कारण विठा लहानपणी सारखी विचारायची, माय, सरजामावशी कवा येईल, आणि मेलेल्याबद्दल लेकरं दुसऱ्यांदा विचारत नाहीत. आणि तिसरी हैदराबादची. पायात चपला, केसाला पिना, इंग्रजी बोलणाऱ्या बाईच्या घरात फुलं लावणारी. ही सगळ्यांत शेवटी केली, ह्या शिवकन्येसाठी, कारण ही पोर शाळेत जायची आणि पंचफुलाबाईला वाटलं होतं, घरातली एक तरी बाई कुठंतरी पोचलेली हिला माहीत असावी. केल्या होत्या म्हणावं, तर तिघींना आता चेहरे होते. मेलेलीसाठी ती दर वैशाखात विहारात एक मेणबत्ती जास्तीची लावायची. बिदरवालीच्या लेकरांची तिनं मनात नावंही ठेवली होती. आणि त्या तिघींच्या पाठीमागं जी चौथी उभी असायला पाहिजे, बारा वर्षांची, नाकावर देवीचे दोन वण असलेली, तिच्याकडं बघायला जावं तर तिच्या जागी शिवकन्या दिसून राहिली होती. तेच कपाळ. वण मात्र नाहीत. की सरजालाही नव्हते? वण नागुबाईला होते का, मायला?

"आजी, ह्यातलं एक सांग फक्त," नात म्हणाली. तिनं यंत्र वळवून पुढं केलं. तिथं एकाखाली एक मराठी शब्द होते आणि पंचफुलाबाईनं ओठ हलवत ते लावले. कामाला गेली. कुणी गेलं नाही. परत आली. मयत. लग्न होऊन गेली. प्रत्येकाच्या पुढं आकडा. अठ्ठ्याऐंशी, दोनशे तीन, एकसष्ट, एक्केचाळीस, एकोणीस.

"हे काय हाय?"

"ह्याला लेव्हल म्हणतात. ह्या यंत्राच्या भाषेत, आर म्हणतात हिला, उत्तराच्या जागा आधी ठरवून ठेवायच्या असतात. पाच तर पाच. मग चारशे बायांपैकी कुणीही काहीही बोललं तरी ह्या पाचांतच बसतं. वर शब्द दिसतो, पण आत यंत्र नुसता आकडा धरतं. कामाला गेली म्हणजे एक, कुणी गेलं नाही म्हणजे दोन. बाराखडीनं लावतं."

"आन् न्हाई बसलं तर?"

"तर ती जागा रिकामी राहते. यंत्र तिथं एनए लिहितं."

"एनए? म्हंजे प्लॉटिंग?" पंचफुलाबाईला एकदम राग आला. शेलवाडीच्या शिवारात जो तो एनए करून राहिला होता. एनए म्हणजे जिथं आता पीक येणार नाही ती जमीन. "मपल्या भैनीचं प्लॉटिंग करून राहिले का तुपले सर?"

नात हसली नाही. एरवी हसली असती. तिच्या न हसण्यानं खोलीत काहीतरी सरकलं आणि पंचफुलाबाईला टोळीचे बिल्ले आठवले. पितळी, गोल, वर आकडा ठोकलेला. यंत्रासारखंच, माणसाच्या जागी आकडा. लोह्याच्या वाटेवर खडी फोडायचं काम निघालं होतं तेव्हा शंकरप्पा मुकादमानं प्रत्येकीच्या गळ्यात असा बिल्ला घातला होता. तो बिल्ला उन्हात तापायचा आणि छातीला चटका द्यायचा. सरजाला बिल्ला मिळाला तेव्हा ती इतकी खूश झाली होती की चटका बसला तरी काढायची नाही. ती आली होती निवृत्तीला सांभाळायला, चार महिन्यांचा होता तो. पण कामावर जितकी माणसं हजेरीत तितक्यांना दुपारी सुकडी, सरकारी पौष्टिक खाऊ, मिळायची, म्हणून पंचफुलानं तिला पदर घ्यायला लावला, दोन दगडांवर उभी केली आणि मोठी बाई म्हणून नाव लिहवलं. सुकडी गोड असायची. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीनं ज्यांच्या टाळूला फोड आले होते त्यांना ती सुकडी म्हणजे... काय म्हणजे? आता आठवायला जावं तर जिभेवर चिंच होती. सकाळी एकदा आणि सुकडीच्या आधी एकदा हजेरी. शंकरप्पा उदगीरचा, त्याची मराठी कानडीच्या चालीवर उड्या मारायची. सरजाबाई, असं तो ओरडायचा, आणि ही एवढीशी पोर घशातून जाड आवाज काढून म्हणायची, हाजर. मग पदराआड हसायची. तो हसण्याचा आवाज मात्र अजून जशाचा तसा होता. चेहरा नव्हता, पण पदराला दाबलेलं ते हसू होतं.

"कन्या," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, "ह्यातलं एकबी खरं न्हाई."

नातीची बोटं थांबली.

"मेली म्हणून बगितली न्हाई. लगीन म्या लावलं न्हाई. कामाला गेली म्हणावं तर कुणासंग गेली, ठाव न्हाई. पाणी आणाया धाडली होती तिला. आपल्या टोळीचं पाणी येगळं असायचं, पिंपाला आपण हात लावायचा न्हाई, वरून वतायचे. त्या दिशी वतणारी आली न्हाई. निवृत्ती रडून रडून निळा झालता. म्या म्हणलं, जा, रस्त्याच्या पल्याड हीर हाय, भरून आण. म्या तिला मारलं न्हाई, बोलले न्हाई, काई न्हाई. लोकं म्हणतील मारलं आसंल. नुसतं म्हणलं, जा." ती थांबली. "घागर सापडली. रस्त्याच्या कडंला. सरळ ठिवलेली. भरलेली."

हीच गोष्ट तिला चव्वेचाळीस वर्षं सुटली नव्हती. ज्या पोरीला कुणी ओढून नेलं तिची घागर आडवी पडलेली असती, फुटलेली असती. जी आपल्या पायानं जाते ती घागर कशाला भरते? आणि भरलीच तर रस्त्याच्या कडेला अशी, खाली तीन खडे लावून, हलू नये म्हणून नीट टेकवून कशाला ठेवते? खडे कुणी लावले? देगलूरकडं जाणारे ट्रक त्या रस्त्यानं जायचे. माणसं भरभरून निजामाबादला, हैदराबादला. एखादा ट्रक थांबला असेल, कुणी हाक मारली असेल, पोरीनं म्हटलं असेल, थांबा, घागर ठेवते. की विहिरीवर कुणी अडवलं असेल, तुमच्यांनी इथं का यावं म्हणून, आणि ही दुसरीकडं पळाली असेल? पण मग पाणी कसं भरलं? प्रत्येक वेळी ती एक वाट धरून चालायला लागायची आणि दर वेळी भरल्या घागरीपाशी येऊन उभी राहायची. आणि मग त्या घागरीचं तिनं काय केलं होतं ते यायचं. कमरेवर घेऊन परत आली होती. लेकराला पाजलं होतं. आणि स्वतः प्याली होती. ओंजळीनं, घटाघटा, गार होतं. सरजा मागून येत असेल, असं म्हणत प्याली होती. ते पाणी गार होतं हे तिला ज्या खात्रीनं आठवायचं त्या खात्रीनं दुसरं काहीच आठवत नव्हतं.

"मग शोधलं नाहीत?" नात हळू म्हणाली.

पंचफुलाबाईनं चिंचेची परात बाजूला सारली. इथपर्यंत ती कुणाजवळच आली नव्हती. नवऱ्याजवळ नाही, मायजवळ नाही. शिवकन्येचे डोळे तिच्यावर होते आणि ते नातीचे होते की सरजाचे की कागद घेऊन आलेल्या परक्या पोरीचे, ते तिला निवडता येईना. परकीचे असावेत, असं तिनं ठरवलं. परकीला सांगता येतं.

"दुपारी हाजरी झाली. शंकरप्पा म्हणला, सरजाबाई. म्या तोंडावर पदर वढला आन् जाड आवाज काढून म्हणलं, हाजर."

खोलीत पंखा फिरत होता. गरम वारा नुसता इकडचा तिकडं.

"म्हणलं, संध्याकाळपतुर येईल. गैरहाजर पडली तर नाव कटंल, उद्या आली तर सुकडी कुठून? दुसऱ्या दिशी म्हणलं, आज येईल. ऐंशी बाया, समद्या धुरळ्यानं पांढऱ्या, कोण कुणाचं तोंड बगतंय. आकरा दिस म्या दोघींचं वरडले. आन् तिची सुकडी," ती थांबली, "निवृत्तीला चारली. तुपल्या बापाला. चांगला बाळसं धरला होता त्या आकरा दिसांत." मग ती भराभर बोलली, उतारावरून गाडं सुटावं तशी. "पंधरवड्यानं माय आली भेटाया. पोर कुठाय, म्हणली. मपल्या तोंडून शब्द निघंना. ती गेली शंकरप्पाकडं. त्यानं मस्टर काढलं. बोट ठिवून दावलं. म्हणला, बाई, तुमची सरजाबाई परवापतुर हाजर हाय की. मायनं इस्वास ठिवला. कागदावर हाय म्हणल्यावर. परवा गेली तर लांब न्हाई गेली म्हणून ती लोह्याचा बाजार हुडकली, कंधारचा हुडकली, किल्ल्याच्या खंदकापतुर जाऊन आली. दोन दिसांच्या वाटंवर हुडकून राहिली, कन्या. आन् पोर गेल्याला तेरा दिस झालते. म्या संग फिरत होते. सरजा, सरजा, म्हणून म्याबी वरडत होते."

आणि पुढं, ज्या पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला, उदगीरच्या बाजारात पेढे वाटत होते आणि कवठाळचे लोक म्हणत होते की आता आपण लातूरचे, त्याच आठवड्यात नागुबाई गेली. शेवटच्या दिवशी तिला काही दिसत नव्हतं. कोण कोण आलंय, असं तिनं विचारलं, आणि पंचफुला एकेकाचं नाव सांगत गेली, आणि नावं संपल्यावरही माय कान देऊन होती. मग म्हणाली, सरजा? पंचफुलानं पदर तोंडावर घेतला. बारा वर्षांच्या पोरीनं मोठ्या बाईसारखा काढलेला आवाज पुन्हा तिच्या घशात आला, ती स्वतः तेव्हा तिशीला आलेली बाई, आणि ती म्हणाली, हाजर. मायनं हात लांब केला. तिनं तो धरला. कुणाचा हात धरून माय गेली, हे तिला आजवर कळलेलं नव्हतं. हे मात्र तिनं शिवकन्येला सांगितलं नाही. एवढं एक तिनं परत पदरात बांधलं.

शिवकन्येनं डोळे पुसले नाहीत. ती तशीच यंत्राकडं वळली. पंचफुलाबाईला ते बरं वाटलं; रडली असती तर तिला समजवावं लागलं असतं, आणि आज समजवायला अंगात काही उरलं नव्हतं. "आजी, काय लिहू?" नात म्हणाली. "तू बोलशील तेच लिहायचं आहे."

तिला वाटलं, म्हणावं, कुणी गेलं न्हाई. दोनशे तीन बायांत अजून एक. कुणाला कळणार होतं? शेलवाडीची, लातूरची, इथली, तिन्ही पुसायच्या आणि लिहायचं, कुणी गेलं नाही. शब्द ओठापर्यंत आलासुद्धा. मग तिच्या ध्यानात आलं की हे तेच आहे. हे पुन्हा पदर ओढून ओरडणं आहे. परत आली, ह्या शब्दावर तिची नजर जरा जास्तच थांबली. एकसष्ट बायांच्या घरी परत आल्या होत्या. त्या कोण असतील एकसष्ट?

"गैरहाजर," ती म्हणाली. "गैरहाजर लिही."

नातीनं टाइप केलं. खाली लाल ओळ उमटली. नातीनं जीभ चावली. "बघ. ही जागा आधी नाही ना, म्हणून घेत नाही. एनए केलं त्यानं."

"एका शब्दाला जागा न्हाई एवढ्या मोठ्या मशिनीत?"

"आधी जागा करावी लागते, आजी. मग माणूस बसतो. थांब." तिनं अजून एक ओळ लिहिली, मग परत आधीची. ह्या वेळी लाल काही आलं नाही. मग तिनं शेलवाडीची पंचफुला पुसली, लातूरची पंचफुला पुसली, उरलेलीच्या पुढचं उदगीर खोडून लातूर केलं. पंचफुलाबाई बघत होती. दोन बाया गेल्या आणि तिला अंगावर कुठंच काही कळलं नाही.

फोन लागला तेव्हा नातीनं तो स्पीकरवर ठेवला. सरांचा आवाज दमलेला होता. वाईट माणसाचा नव्हता. शिवकन्येनं सगळं सांगितलं. घरचा फॉर्म भरला हे आधी सांगितलं, मग हजेरीचं सांगितलं. सर म्हणाले, "बरं. ठीक आहे. तुमचे बाकीचे फॉर्म राहतील. घरचा भरल्याबद्दल मात्र लेखी द्यावं लागेल. आणि हे गैरहाजर म्हणजे एकच केस आहे ना? एकासाठी वेगळी लेव्हल नको, तक्ता बिघडतो. इतर करा आणि त्यात टाका."

पंचफुलाबाईनं हात पुढं केला. नातीनं मान हलवली, नको म्हणून. पंचफुलाबाईनं फोन उचललाच, ओला चिंचेचा हात तसाच. "सायब, म्या ती बाई बोलून राहिले. तीन जिल्ह्यांची."

"अं? हां, बोला आजी."

"तुमी शिकलेले हाव, म्या अडाणी. तक्त्याचं मला कळत न्हाई. पर मपली भैन इतर न्हाई. नाव सरजा हाय. चव्वेचाळीस सालं म्या तिला कवा हितं कवा तितं बसवली, माणूस बगून बसवली. आता एका जागी बसलीय तर उठवू नका. आन् तुमच्या तक्त्याला लई तरास व्हत आसंल तर मला सांगा, म्या येते, तुमच्याम्होरं बसते, आन् बाकीच्या चारशे जणींनी कुणाकुणाला मयत केलंय न् कुणाकुणाचं लगीन लावलंय ते एकेकीला पुन्यांदा इचारू. एकली मीच पदर वढून बसले व्हते, आसं वाटतं का तुमाला?"

कुठंतरी मोटारीचा भोंगा वाजला, तो फोनमधला की गल्लीतला, कळलं नाही. मग सर म्हणाले, "राहू द्या. शिवकन्या, राहू द्या तसंच. खाली टीप द्या." आणि फोन बंद झाला.

"लई बोलले का?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"नाही," नात म्हणाली, आणि आता ती थोडी हसली. "नोकरी राहिली म्हणायची."

चार वाजले होते. बाहेर कुणीतरी "नळ आला, नळ आला" म्हणून ओरडलं आणि गल्लीभर भांडी वाजायला लागली. एरवी पंचफुलाबाई सगळ्यांत आधी उठली असती. तिच्या जिभेला घाबरून रांगेत तिला पुढं जागा देत. आज तिचे पाय उठले नाहीत. तिला काहीतरी हलकं वाटायला पाहिजे होतं. विहारातले भंते सांगायचे, बोलल्यानं हलकं होतं. हलकं काही वाटत नव्हतं. उलट मेलेली सरजा आता मेलेली नव्हती, बिदरवालीची लेकरं कुणाचीच नव्हती, हैदराबादच्या त्या घरातली फुलं कोण लावणार होतं, आणि वैशाखात ती जास्तीची मेणबत्ती लावायची की नाही? घागर तशीच होती. सरळ, भरलेली, खाली तीन खडे.

"थांब, एकदा तपासून घेते, मग जाऊ पाण्याला," नात म्हणाली आणि तक्ता काढून मोठ्यानं वाचायला लागली, जसे आकडे जुळवताना ती नेहमी वाचायची. "कामाला गेली, सत्त्याऐंशी. कुणी गेलं नाही, दोनशे तीन. परत आली, एकसष्ट. मयत, चाळीस." इथं पंचफुलाबाईनं मान वर केली. मघाशी एक्केचाळीस होते. "लग्न होऊन गेली, अठरा." नातीचा आवाज एका सुरात चालला होता, ना वर ना खाली, शंकरप्पाचा चालायचा तसा, आणि खोलीत धुरळा आल्यासारखं झालं, ऐंशी बायांच्या पांढऱ्या पाठी, छातीवर तापलेलं पितळ. तिचा हात आपोआप पदराकडं गेला. पदर तोंडावर आला. घशात तो जाड आवाज येऊन उभा राहिला.

"गैरहाजर," नातीनं वाचलं, आणि थांबली.

पंचफुलाबाई काही बोलली नाही.

"एक," नात म्हणाली.